एकाच रेघेतला जोड

मिस्त्रीनं माझ्या गाडीला ग्राइंडर लावला तेव्हा माझी बायको गाडीत बसलेली होती.

विचारलं नाही, सांगितलं नाही. मी समोरच्या टपरीवर चहा आणायला गेलो होतो. गिलास घेऊन वळलो तर शेडातून ठिणग्यांचा फवारा निघायलाय, आणि त्या कर्कश आवाजातबी आमच्या हिचा आवाज वेगळा ऐकू आला. "अय मुडद्या, बंद कर! माणूस हाय आत!" गिलास कुठं पडले आठवत नाही. पळत गेलो. मिस्त्री मागच्या दारापाशी उकिडवा बसून दाराखालचा पत्रा, ज्याला आम्ही गाडीचा उंबरा म्हणतो, तो कापून राहिला होता. घाई नाही, गडबड नाही. कांदा चिरावा तसा.

मी त्याचा खांदा धरून मागं ओढलं.

"मिस्तरी! डोस्कं फिरलं का तुझं? दार बसत न्हाई म्हणून आणली होती. दार!"

त्यानं ग्राइंडर बंद केला, डोळ्यावरचा चष्मा कपाळावर सारला. माझ्याकडं बघितलंच नाही. जी चीर पाडली होती तिच्यात बघत राहिला. मग म्हणाला, "वैनीला उतरव."

कापून झाल्यावर म्हणाला.

हा माणूस कोण ते आधी सांगतो. नांदेडात त्याला येडा म्हणणारे लई आहेत, आणि ते अगदीच खोटं बोलतात असंही नाही.

मी उभी उमर लोहा-कंधार-नांदेड काळी-पिवळी जीप चालवली. शाळा चौथीत सुटली आणि स्टेअरिंग हातात आलं. जीप म्हणलं की ठोकणं आलं, आणि ठोकणं म्हणलं की मिस्त्री आला. लातूर फाट्याच्या अलीकडं त्याचं पत्र्याचं शेड होतं. माणूस मूळचा उदगीरकडचा. नको म्हणायचं असलं की 'ब्याडा' म्हणायचा, तिकडं कानडीत तसं म्हणतात. आणि त्याला बहुतेक गोष्टी नकोच असायच्या. शेजारच्या पेंटरनं जेवायला बोलावलं, ब्याडा. कुणी म्हणलं शेडावर पाटी लाव, नाव लिही, ब्याडा. "ज्याची गाडी ठोकली त्याला मी सापडतो," म्हणायचा.

लोक गळ्यात ताईत घालतात, ह्यानं काळ्या दोऱ्यात लोहचुंबक घातलेलं. गाडी आली की तिच्या अंगावरून चुंबक फिरवायचा. जिथं पत्रा खरा तिथं ते चिकटायचं. जिथं खड्डा पोटीननं बुजवून वरून रंग मारलेला असायचा तिथं गळून पडायचं. पडलं की मिस्त्री हसायचा. त्या हसण्याला मालक लोक भ्यायचे.

काहीबी ठोकून बघायची खोड होती त्याला. भिंत, कलिंगड, जेवणाचा डबा. एकदा बोट दुमडून माझ्या पाठीवर टकटक केलं आन् म्हणाला, "डायवर, बिड्या कमी कर. आत मोकळं वाजायलंय."

दार बसवलं की ते नीट बसलं का हे बघायला त्याच्याकडं कसलं यंत्र नव्हतं. दाराच्या फटीत बिस्कीट उभं धरायचा आणि वरून खालपर्यंत फिरवायचा. अडकलं, तुटलं, की दार परत काढलं. सगळीकडून सारखं फिरलं की ते बिस्कीट चहात बुडवून खायचा. खाल्लं म्हणजे गाडी पास. एकदा एका पुढाऱ्याची गाडी होती. पुढारी डोक्यावर उभा, सभेला जायची घाई. ह्यानं अख्खा पुडा संपवला पण एक बिस्कीट तोंडात घातलं नाही. सगळे तुकडे खाली. शेजारच्या कोंबड्यांची चैन झाली, पुढारी रिक्षानं गेला.

पण त्याचा खरा नेम वेगळाच. ठोकलेली गाडी आली की तो हात लावायच्या आधी मालकाला आत बसवायचा. ठोकली तेव्हा जिथं बसला होतास तिथं बस. मग स्वतः शेजारच्या सीटवर बसायचा, दारं लावून घ्यायचा आणि म्हणायचा, "हां. आता सांग. खरं सांग."

लोक सांगायचे, बैल आडवा आला. मिस्त्री म्हणायचा, "जिल्ह्यात जेवढे बैल न्हाईत तेवढे माझ्या गिऱ्हाइकाला धडकलेत. त्यातला एकबी काळा बैल न्हाई का रं? पत्र्यावर पांढरा रंग लागलाय. पांढऱ्या पिकअपचा." खोटं बोललास तर गाडी घे आणि चालू लाग. मार कुठून आला, किती जोरात आला, हे कळल्याशिवाय कुठला पत्रा आतून मोडला ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मीबी कितीदा तिथं बसलोय. दारं लावून, घामाघूम होऊन, 'हाव, डुलकी लागली होती' असं कबूल केलंय. बाहेर आल्यावर बरं वाटायचं.

आणि पत्रा पार चुरगळला, ठोकून निघण्यासारखा राहिला नाही, की तेवढा भाग कापून काढावा लागतो आणि दुसऱ्या भंगारातल्या तशाच गाडीचा भाग तिथं जोडावा लागतो. त्यात त्याचं सोवळं फार. एक म्हणजे ज्या गाडीत माणूस मेलं तिचा तुकडा तो जित्या गाडीला लावायचा नाही. दुसरं म्हणजे जोड कधी एका रेघेत घ्यायचा नाही. बाहेरचा पत्रा इथं कापला तर आतला चार बोटं पुढं कापायचा, आणि दोन्हीच्या पोटात पट्टी घालायची. "एका रेघेत जोडली तर यष्टीचं तिकीट फाडल्यावानी तिथनंच फाटती," म्हणायचा. मालकाला बोलवून आतलं दाखवायचा. "बघ, आत बघ. वरचं समद्यांना दिसतं."

तर त्या दिवसाचं.

आमच्या हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला मशीनवर घ्यायचं. आमचं गाव लोह्याच्या पुढं, आडबाजूला. जाताना कशीतरी जायची, येताना मात्र यष्टीत तिच्यात जीव नसायचा. खिडकीला डोकं लावून बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला काच तिच्या कपाळाला लागायची. जीप तोवर मी विकली होती. म्हणून लातूरला जाऊन एका डीलरकडून जुनी पांढरी गाडी घेतली. दिसायला लई देखणी. इंजिन ऐकलं, टायर बघितले, मला वाटलं मला गाडीतलं कळतं. ही पहिल्यांदा मागच्या सीटवर बसली, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता मेले तरी आरामात मरते." मी म्हणलं, गप बस.

फक्त डाव्या अंगाचं मागचं दार आपटल्याशिवाय लागत नव्हतं. हिच्यात आपटायची ताकद नव्हती. मशीनवरून सुटल्यावर वाटेत शेड लागतंच, म्हणून तिकडं घातली. मिस्त्रीनं दार उघडून लावून बघितलं. चुंबक फिरवलं. चुंबक उंबऱ्यावर गळून पडलं, पण तो हसला नाही. मी चहा आणायला गेलो तो तेवढ्यात.

हिला उतरवलं आणि शेडातल्या उलट्या ड्रमवर बसवलं. हाताला मशीनची पट्टी, तोंड पांढरंफटक, पण तोंडाचा पट्टा चालू. "ह्याला कुणी मिस्तरी केलं? म्हशी भादरायच्या लायकीचा न्हाई." मिस्त्रीनं आतली सीट उपटली, चटई फाडून काढली, रंग घासला. मग मला म्हणाला, "डायवर, हिकडं ये. आत बघ."

गाडीच्या पोटावरून, ह्या दारापासून त्या दारापर्यंत, एक सरळ जोड गेला होता. मी वाकून बघितलं. ती एक गाडी नव्हती. पुढचं अर्धं एका गाडीचं होतं, मागचं अर्धं दुसरीचं. मधोमध कापून एकाला एक चिकटवलेली, वरून पोटीन, वरून पांढरा रंग. आत पट्टी नाही, काही नाही. आमची ही मागच्या अर्ध्यात बसत होती, मी पुढच्या अर्ध्यात. लातूरहून तसंच आलो होतो आम्ही. ट्रकांच्या मधून.

"कोण्या हरामखोरानं केलं हे?" मी म्हणलं.

मिस्त्रीनं जोडावर बोट ठेवलं. झाळलेल्या लोखंडाची वळणं ज्वारीच्या दाण्यांसारखी ओळीनं बसली होती. "दाणे कुण्या अंगाला झुकलेत बघ," म्हणाला. "उजव्या हातानं करणाऱ्याचे हिकडं झुकतात. हे तिकडं झुकलेत."

तो डावखुरा होता. नांदेडात दुसरा डावखुरा डेंटर मी पाहिला नव्हता.

मला वाटलं आता हा काहीतरी सांगेल, आवाज चढवेल. तो खाली बसला. मांडी घालून, तेलाच्या चिखलात.

"मळ्यात फिरवायची म्हणला," तो म्हणाला. "डीलर. ऊस, वैरण वाहायला. रस्त्यावर याची न्हाई. म्या त्याला सीटवर बसवलं, डायवर. दारं लावली. खरं सांग म्हणलं. त्यानं डोळ्यात बघून सांगितलं. दोन्ही गाड्यांतली माणसं आपल्या पायानं घरी गेली म्हणला. मळ्यातली म्हणून म्या सरळ जोडली, लवकर व्हावी म्हणून. पट्टीबी न्हाई घातली."

एवढी वर्षं माणसाला शेजारी बसवून खोटं पकडणारा माणूस. त्याच्या शेजारी बसून, त्याच सीटवर, एक जण निवांत खोटं बोलून गेला होता.

त्यानं कापलेल्या उंबऱ्याला पहार लावली आणि तो उघडा केला. पोकळीत माती होती, वाळकी पानं होती. त्यानं हातोडी मारली तसं त्यातून काहीतरी खणखणत खाली आलं. हिरव्या काचा. मला वाटलं बाटली असेल.

आमची ही ड्रमवरून उठली, वाकली आणि एक तुकडा उचलला. तळहातावर ठेवून बघितला.

"बांगड्या हायत," ती म्हणाली. "चुड्याच्या."

मागच्या दाराखालचा उंबरा तो. ही जिथं बसायची तिथलाच.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणं लावून गेला. मिस्त्रीचं तोंड मी आजबी विसरलो नाही. माणसाच्या तोंडावरून रंग उतरतो म्हणतात ते खरं असतं. त्यानं ते तुकडे हातात घेतले नाहीत. बघत राहिला. हिनंच ते एकेक वेचले आणि पदराला बांधले.

मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "बरं. आता मी शुक्करवारी नांदेडला काय तुझ्या डोस्क्यावर बसून येऊ?"

"हाव वैनी," मिस्त्री म्हणाला. "बसा."

त्या गाडीचे त्यानं पुढं पार तुकडे तुकडे केले, दरवाजासुद्धा पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये इतके. मी लातूरला जाऊन आलो. डीलरच्या दुकानाला शटर. शेजारचा म्हणला, गेला, कुठं गेला माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री दारात हजर. त्याच्याकडं एक जुनी व्हॅन होती, तिचा एक पत्रा निळा, एक लाल, बाकी नुसता तांबूस प्रायमर. रंग दिलाच नव्हता कधी. "रंग दिला की खालचं दिसत न्हाई," म्हणायचा. गावातली पोरं हसली. शेजारचे म्हणाले, ज्यानं गाडी कापली त्याच्याच गाडीत बायकोला बसवतोस? माझ्याबी मनात राग होताच. पण ही चालत गेली, पदर खोचला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "तुम्ही येताव का मी जाऊ?" मला म्हणाली.

तेव्हापासून मंगळवार, शुक्रवार शेड बंद. नांदेडहून आमच्या गावाला यायचा, आम्हाला नांदेडला न्यायचा, ती मशीनवर असेपर्यंत बाहेर बसायचा, परत सोडायचा. चालवायचा इतका हळू की सायकलवाला पुढं जायचा. ही मागून म्हणायची, "मिस्तरी, मी आजच्या तारखेत पोचले पायजे बरं का."

आणि शेडात त्यानं कुणाला गाडीत बसवून विचारायचं बंद केलं. मी पाहिलं एकदा. एक गिऱ्हाईक नेहमीप्रमाणं आपण होऊन सीटवर जाऊन बसलं, दार लावून घेतलं, वाट बघत. मिस्त्री बाहेरच उभा राहिला. "उतर," म्हणाला. "मला काय कळतंय."

मग वाटेत दुसरंच चालू झालं. मिस्त्री चालवता चालवता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघायचा. एखादी बघून एकदम ब्रेक लावायचा. मागं वळवायचा. ती गाडी कुठं थांबली की उतरून तिच्या उंबऱ्याखालून हात फिरवायचा, गुडघ्यावर बसून आत डोकावायचा. मी विचारलं तर पहिल्यांदा सांगेना. शेवटी हिनंच काढून घेतलं.

"तसल्या अजून जोडल्यात म्या," तो म्हणाला. "त्या डीलरच्याच. मळ्यासाठी म्हणून."

रस्त्यावर पांढऱ्या गाड्या कितीतरी. त्यातल्या कुठल्यातरी दोन-चार अशा, आणि आत बसलेल्यांना काही माहीत नाही. मागं बायका, लेकरं. मी उभी उमर ह्या रस्त्यावर गाडी हाणली, पण त्या दिवसापासून मला समोरून येणारी प्रत्येक गाडी मधून फाटलेली दिसायला लागली.

हिला मात्र काय झालं कुणास ठाऊक. जी बाई मशीनवरून आली की डोळे उघडत नव्हती, ती काचेला नाक लावून बसायला लागली. "मिस्तरी, ती बघ, ती पांढरी. मागचं दार लोंबायलंय." "मिस्तरी, त्या धाब्यावर दोन हायत, थांब." उन्हात व्हॅनमध्ये बसून राहायची, पण थांब म्हणायची. घरी आली की मला सांगायची, आज इतक्या बघितल्या, एकबी न्हाई निघाली. पदराला बांधलेले ते बांगड्यांचे तुकडे तिनं एका डबीत ठेवले होते. मी एकदा म्हणलं, टाकून दे, अपशकुन असतो. तिनं डबी उचलली आणि उशाखाली सारली.

एक सापडली. कंधारच्या बाजारात, एका कापडवाल्याची. मिस्त्रीनं त्याला तिथंच आत दाखवलं. कापडवाला रस्त्यावर मटकन बसला, कारण सकाळी त्याच गाडीतून तो नातवंडांना शाळेत सोडून आला होता.

बाकीच्या सापडल्या नाहीत. त्याऐवजी मार सापडला.

कंधारहून येताना एका मंगल कार्यालयासमोर नवरदेवाची गाडी उभी होती. पांढरी, झेंडूच्या माळांनी भरलेली. मिस्त्रीनं व्हॅन थांबवली. मी म्हणलं, अरे लग्न आहे, सोड. तो कसला सोडतो. पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीतून वाट काढत गेला आणि सरळ पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. नवरीला बाहेर आणायची वेळ. बँडवाले वाजवायचे थांबले. कुणीतरी ओरडलं, चोर हाय, डिझेल काढायला! नवरदेवाच्या भावांनी त्याचे पाय धरून बाहेर ओढला आणि लाथा घातल्या. मी मध्ये पडलो, मलाबी दोन बसल्या.

तेवढ्यात आमची ही आली. कशी उतरली, कशी चालली, कळलं नाही. थरथरत होती. पोरांना बाजूला सारलं आणि त्या नवरीसमोर जाऊन उभी राहिली. "बाई," म्हणाली, "त्याला नीट बघू दे. त्यानं बघितल्याबिगर त्या गाडीत बसू नको." नवरीची आई कपाळावर हात मारून घ्यायला लागली, बायका कुजबुजल्या.

नवरीनं हिच्या हातावरची पट्टी बघितली. हातातला चुडा सावरला. मग नवऱ्याला म्हणाली, "बघू द्या त्यांना."

मिस्त्री नाकातून रक्त गळत परत खाली शिरला. लोक वाकून बघायले. खालून टकटक, टकटक. बराच वेळ. मग त्याचा आवाज आला, "न्हाई. ही न्हाई. चांगली हाय, अख्खी हाय. बसा." बाहेर आला, शर्टानं नाक पुसलं, आणि स्वतः दार उघडून धरलं. नवरी बसली. बँड वाजला.

येताना व्हॅनमध्ये ही इतकी हसली की तिला दम लागला. "मार खाऊन पास केलंस रे मिस्तरी!" तोबी हसला, नाक धरून. मी हसलो नाही. मी म्हणलं, तुम्ही दोघं एक दिवस मला मारणार.

तिचं दुखणं त्या उन्हाळ्यात वाढत गेलं. अंगात पाणी भरायला लागलं. एका शुक्रवारी सकाळी तिला श्वास येईना. उशीला टेकून बसली होती, ओठ निळे, आणि दर श्वासाला गळ्यातून शिट्टीसारखा आवाज. शेजारच्यानं लोह्याहून ॲम्ब्युलन्स बोलावली, त्यात ऑक्सिजन असतो म्हणून. ॲम्ब्युलन्स आली, तिला स्ट्रेचरवर घेतलं, गाव गोळा झालेलं, आणि त्याच वेळी मिस्त्रीची व्हॅन येऊन थांबली. शुक्रवारच होता.

त्यानं तिला बघितलं. ॲम्ब्युलन्सला बघितलं. जुनी व्हॅन, मागून कापून, वर पत्रा चढवून लांब केलेली. त्याच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं, आणि मी ओरडलो, "मिस्तरी, न्हाई!"

तो खाली झोपला. शेणाच्या चिखलात, पाठीवर, आणि आत शिरला.

माझ्यातलं माणूसपण गेलं त्या क्षणाला. ही तिथं गुदमरायली आणि हा गाडीखाली टकटक करायलाय. मी त्याचा पाय धरला आणि जिवाच्या आकांतानं ओढला. शिव्या दिल्या. गावातले दोघं-तिघं आले, त्यांनी दुसरा पाय धरला. त्यानं खालून कशाला तरी मिठी मारली होती, सुटेना. ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न वाजवायलाय.

स्ट्रेचरवरून हिनं हात वर केला. तोंडावरची नळी तिनं बाजूला सारली.

"बघू द्या त्याला," म्हणाली.

मी पाय सोडला. का सोडला? तिनं सांगितलं म्हणून. उभ्या जन्मात मी तिचं सगळं ऐकलं असं नाही, पण तेव्हा ऐकलं. आम्ही सगळे उभे. तिच्या गळ्यातली शिट्टी आणि खालचं टकटक, एवढंच ऐकू येत होतं.

मग तो बाहेर आला. "ठीक हाय," म्हणाला. "पट्टी हाय आत. न्या."

वाटेत मी तिचा हात धरला होता. ऑक्सिजनच्या आतून ती काहीतरी बोलत होती, मी कान तोंडाजवळ नेला. "त्याचा शर्ट बघितला का," म्हणाली, "सगळं शेण लागलंय." मग डोळे मिटले, पण श्वास चालू होता. मागच्या काचेतून मी बघत होतो. मिस्त्रीची निळी-लाल व्हॅन जीव तोडून मागं येत होती. त्याला एवढ्या जोरात चालवता येतं हे मला माहीत नव्हतं.

पोचलो. दवाखान्यात नेलं तोवर ती होती. दुपारपर्यंत होती. गावातले अजून म्हणतात, त्या येड्यानं वेळ खाल्ला. मी डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, तेवढ्यानं काही झालं नसतं. मला खरं काय ते माहीत नाही. एवढंच माहीत आहे की ती रस्त्यात नाही गेली.

दुपारनंतर मला बाहेर आणून बसवलं. कुणी खांद्यावर हात ठेवले, कुणी पाणी दिलं, कुणी काय काय बोललं. मी ऐकत होतो, पण आत जात नव्हतं. मला सारखं वाटत होतं, आज शुक्रवार, मशीनवर आहे, सुटली की जाऊ. मिस्त्री पायरीवर माझ्याशेजारी बसलेला. शेण वाळून त्याच्या पाठीवर पापुद्रे धरले होते.

मग तिला गावाकडं न्यायला गाडी आली. पांढरी, लांबट, मागं मोठं दार. तिचा उंबरा एका ठिकाणी गंजलेला, दार जरा लोंबलेलं. पायरीवरूनसुद्धा दिसत होतं. मी मिस्त्रीकडं बघितलं. आता हा उठणार, झोपणार, खाली शिरणार, आणि मी ह्या वेळी त्याला ओढणार नाही, असं मी ठरवलं.

तो उठला. गाडीपाशी गेला. मागचं दार उघडून धरलं आणि तसाच उभा राहिला, मान खाली घालून.

वाकला नाही.

तेव्हा मला कळलं, ही गेली.